आधी वेलांटी, मग अक्षर

फाइल उघडली, चित्र दिसलं, पण त्यातलं काहीच हलेना.

शेव-नमकीनच्या तेरा प्रकारांची नावं, प्रत्येक नावाखाली एक गोल कडांचं बटण, वर दुकानाचं नाव ठसठशीत अक्षरांत. इंदूरच्या एका नमकीनवाल्यांची ही पहिली वेबसाइट मी २००६ साली केली होती. आता दुकान त्यांचा मुलगा बघतो. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, "दीदी, वो पुराना डिझाइन मिलेगा क्या? पापा को नए बोर्ड पे वही अक्षर चाहिए." मी कपाटातली डीव्हीडी शोधली. ती चालली याचाच आनंद झाला. पण फोटोशॉपमध्ये फाइल उघडली तर पुढ्यात नुसता एक सपाट फोटो. अक्षर निवडता येईना, बटण सरकेना.

ती फाइल फायरवर्क्सची होती, म्हणजे वेबसाइटची डिझाइनं करायच्या एका जुन्या सॉफ्टवेअरची. फायरवर्क्स स्वतःच्या फाइली पीएनजी या चित्रांच्या साध्या प्रकारातच ठेवायचं. तुम्ही काढलेल्या रेषा, टाइप केलेला मजकूर, सावल्या, सगळं त्या एका पीएनजीच्या पोटात असायचं. फायरवर्क्समध्ये उघडली तर सगळं पुन्हा हाताला लागायचं. दुसऱ्या कशात उघडली तर ते साधं चित्र. तेव्हा ही सोय आम्हाला फार आवडायची, कारण गिऱ्हाइकाला तीच फाइल ईमेलने पाठवली की त्याला चित्र दिसायचं आणि आपल्याला काम.

त्या सपाट चित्राकडे बघताना मला २००५चा एप्रिल आठवला.

पलासियाजवळ एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. सहा माणसं, सात कॉम्प्युटर, दुपारी वीज गेली की यूपीएसची पींपीं. इंदुरात वेबचं काम तेव्हा नवं नव्हतं, १९९९ मध्येच इथून वेबदुनिया हे हिंदी पोर्टल सुरू झालेलं होतं आणि शहरातली बरीच पोरं त्या वाऱ्याने या धंद्यात आली होती. मीही त्यातलीच. घरात सगळे शिक्षक नाहीतर बँकेत, त्यामुळे मी नक्की काय करते हे आईला सांगता यायचं नाही. "कॉम्प्युटरवर दुकानांच्या पाट्या रंगवते," असं ती रामबागेतल्या बायकांना सांगायची, आणि ते काही फार चूक नव्हतं.

बातमी अमेरिकेत १८ एप्रिलला जाहीर झाली, आमच्याकडे ती दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. फोटोशॉपवाली ॲडोबी फायरवर्क्सवाल्या मॅक्रोमीडियाला विकत घेणार, सुमारे ३.४ अब्ज डॉलरचा सौदा, रोख नाही, शेअरच्या बदल्यात शेअर. सकाळचे पोहे आलेले होते. वर्तमानपत्राच्या कागदात, वर शेव आणि जीरावण. ते तसेच राहिले. सगळे एकाच स्क्रीनपाशी उभे.

बाहेरच्या माणसाला हे समजावणं कठीण आहे. दोन परदेशी कंपन्या एक होणार, त्यात इंदूरच्या सहा माणसांचं काय जातं? पण आमचा दिवस या दोन कंपन्यांच्या मधोमध उभा होता. फोटो साफ करायचा तो ॲडोबीच्या फोटोशॉपमध्ये. पानाचं डिझाइन, बटणं, त्यांचे तुकडे मॅक्रोमीडियाच्या फायरवर्क्समध्ये. पान बांधायचं ड्रीमवीव्हरमध्ये, हलतं काही हवं असेल तर फ्लॅश. ड्रीमवीव्हरला ॲडोबीचं गोलाइव्ह टक्कर द्यायचं, आणि रेषा-आकार काढायच्या कामात मॅक्रोमीडियाच्या फ्रीहँडला ॲडोबीचं इलस्ट्रेटर. एकाने नवी आवृत्ती काढली की दुसरा सहा-आठ महिन्यांत काहीतरी जास्तीचं घेऊन यायचा. दोघं कोर्टातही भांडले होते. पॅलेटच्या, म्हणजे पडद्यावरच्या अवजारांच्या छोट्या चौकटींच्या, टॅबवरून ॲडोबीने दावा लावला, मॅक्रोमीडियाने उलटा दावा लावला, दोघांनाही ज्यूरीने एकेकदा भरपाई देऊ केली आणि २००२ मध्ये तडजोड झाली. आमच्या दृष्टीने हे भांडण शुभ होतं. जोवर ते भांडत होते तोवर दोघांनाही आमची गरज होती.

आमच्यात सगळ्यांत जास्त अस्वस्थ झाले ते आमचे वयाने मोठे सहकारी. ते पूर्वी पुण्यात जाहिरात एजन्सीत होते, मॅकवर फ्रीहँड शिकलेले. त्यांचा हात फ्रीहँडवर असा फिरायचा की आम्ही काम थांबवून बघत राहायचो, वाटावं की माणूस माऊसने नाही, बोरूने लिहितोय. ते एवढंच म्हणाले, "त्यांच्याकडे इलस्ट्रेटर आहे. दोन कशाला ठेवतील?" आणि जागेवर जाऊन बसले.

देवासहून रोज बसने येणारा आमचा फ्लॅशवाला मात्र खूश होता. "अब फोटोशॉप और फ्लॅश एक ही डिब्बे में आएगा, दीदी. एक की फाइल दूसरे में सीधी खुलेगी." त्याचंही खोटं नव्हतं. फोटोशॉपचे लेअर फ्लॅशमध्ये नेताना आम्हाला प्रत्येक लेअर वेगळा सेव्ह करावा लागायचा, त्यात अर्धा दिवस जायचा. मॅक्रोमीडिया संपणार म्हणून हळहळणारे आणि सगळं एकत्र मिळणार म्हणून हरखलेले, जगभर हे दोन तट पडले होते असं नंतर वाचलं. आमच्या त्या एका खोलीत ते दोन्ही होते, आणि मला दोघांचंही पटत होतं.

मी स्वतः काय म्हणाले होते ते मला नीट आठवतं. मी विचारलं, "आता तरी वेलांटी नीट बसेल का?"

याचं जरा सांगायला हवं, कारण वापरणाऱ्यांच्या तक्रारींच्या ज्या याद्या त्या दिवसांत फिरत होत्या त्यांत आमची ही तक्रार मला कुठेच दिसली नाही. त्या काळच्या बहुतेक डिझाइनच्या सॉफ्टवेअरना देवनागरी जोडता यायची नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींसाठीच्या सामाईक पद्धतीत, 'चिवडा' लिहिला की ऱ्हस्व वेलांटी 'च'च्या आधी यायच्याऐवजी मागे पडायची, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहायची. म्हणून आम्ही जुने फाँट वापरायचो. त्यांची गंमत अशी की ते खरं म्हणजे इंग्रजी अक्षरांनाच देवनागरीचा अंगरखा चढवायचे. कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही इंग्रजी एल, एस, ओ दाबलेलं असायचं, पडद्यावर कृतिदेव या फाँटमध्ये 'सेव' दिसायचं. वेलांटी टाइपरायटरसारखी आधी मारायची, मग अक्षर. फ्लॅशमध्ये तर याहून कष्ट. तिथे मजकूर लिहून तो दोनदा फोडायचा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार उरायचे, मगच तो दुसऱ्याच्या मशीनवर शाबूत दिसायचा. गणपतीचं एक हलतं निमंत्रण मी असं केलं होतं. रात्री साडेदहाला मंडळाच्या सचिवांचा फोन आला की आरतीची वेळ बदलली आहे. आकारांत शब्द उरलेले नसल्यामुळे ती ओळ पुन्हा पहिल्यापासून लिहावी लागली. फ्लॅश प्लेअर १० आलं २००८ मध्ये, तेव्हा कुठे त्यात अशा लिपींची जोडणी करणारं इंजिन आलं.

म्हणून माझा प्रश्न खरा होता. दोन मोठ्या कंपन्या एक होताहेत, त्यांच्याकडे इतकी माणसं, इतका पैसा, आता कुणीतरी आमच्या लिपीकडे बघेल असं मला मनापासून वाटलं होतं.

त्या संध्याकाळी मी काकांच्या प्रेसवर गेले. रामबागेच्या मागच्या गल्लीत त्यांचं छापखान्याचं दुकान. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, मराठी मंडळांची पत्रकं. एका कोपऱ्यात कॉम्प्युटर, त्यावर पेजमेकर. पान लावायचं, ट्रेसिंग काढायचं, प्लेट करायची. मी बातमी सांगितली तेव्हा ते प्रूफ तपासत होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, "आमच्या पेजमेकरचं असंच झालं होतं की. आम्हाला तर कळलंही नाही. नवा खोका आला, त्याच्यावरचा माणूस गायब."

तो माणूस म्हणजे अल्डस मॅन्युशियस, पंधराव्या शतकातला व्हेनिसचा मुद्रक. पेजमेकर काढणाऱ्या कंपनीने त्याचंच नाव घेतलं होतं, अल्डस, आणि त्याचा चेहरा चिन्ह म्हणून वापरला होता. १९९४ मध्ये अल्डस ॲडोबीत विलीन झाली. पेजमेकर ५ अल्डसचं, ६ ॲडोबीचं. काकांना इंग्रजी वाचायला फार आवडत नाही, पण कॉम्प्युटरच्या कंपनीने आपलं नाव एका छापखानेवाल्यावरून ठेवलं हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "आपल्या बिरादरीतला माणूस होता रे तो," असं ते कामगारांना सांगायचे.

मी विचारलं, "मग तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटून काय? पत्रिका द्यायची होती ना." मग थोडं थांबून म्हणाले, "आवृत्त्या येत राहिल्या. पण पहिल्यासारखं त्याच्यावर कुणी जीव लावत नव्हतं, हे कळायचं. घरातला म्हातारा असतो ना, जेवायला वाढतात पण विचारत कुणी नाही." पेजमेकर ७ आलं २००१ मध्ये. तेच शेवटचं. तोवर पानं लावायचंच ॲडोबीचं नवं सॉफ्टवेअर, इनडिझाइन, आलेलं होतं आणि सगळी मेहनत तिकडे जात होती.

त्याच १९९४च्या विलीनीकरणात फ्रीहँडही होतं, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. फ्रीहँड लिहिलं होतं अल्टसिस कंपनीने, विकायची अल्डस. अल्डस ॲडोबीकडे जाणार म्हटल्यावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अट घातली की फ्रीहँड अल्टसिसला परत द्यायचं, कारण एकाच घरात इलस्ट्रेटर आणि फ्रीहँड दोन्ही गेली तर स्पर्धा उरणार नाही. अल्टसिस १९९५ मध्ये मॅक्रोमीडियाने घेतली. आणि २००५ मध्ये मॅक्रोमीडियाच ॲडोबीत गेली. जे एकदा अडवलं होतं ते अकरा वर्षांनी दुसऱ्या दाराने आत आलं. आमचे ते सहकारी त्या सकाळी एका वाक्यात जे बोलले ते अमेरिकेतल्या एका सरकारी आयोगाने आधीच ओळखलेलं होतं. हे वाचलं तेव्हा मला त्यांना फोन करावासा वाटला. पण ते तोवर हे काम सोडून मुलाकडे नागपूरला गेले होते, आणि काय सांगणार होते मी फोनवर?

सौदा ३ डिसेंबर २००५ रोजी पुरा झाला. पुढचं भराभर सांगते. मे २००७ मध्ये फ्रीहँडची नवी आवृत्ती येणार नाही असं जाहीर झालं. २०११ मध्ये फ्रीहँड वापरणाऱ्यांच्या संघटनेने अमेरिकेत ॲडोबीवर मक्तेदारीविरोधी दावा लावला, पुढच्या वर्षी तडजोड झाली, फ्रीहँड काही परत आलं नाही. गोलाइव्ह २००८ मध्ये बंद, म्हणजे त्या जोडीत ॲडोबीचं स्वतःचं गेलं आणि ड्रीमवीव्हर राहिलं. ज्यांनी उलटी भीती घातली होती त्यांचा अंदाज चुकला. ॲडोबी आधी एसव्हीजीचा, म्हणजे रेषा-आकारांनी बनलेल्या वेबवरच्या चित्रांच्या प्रकाराचा, पुरस्कार करायची, ब्राउझरसाठी तिचा एक व्ह्यूअर होता. फ्लॅश हातात आल्यावर तो व्ह्यूअर बंद केला गेला. आणि शेवटी फ्लॅशच गेलं, २०२० सरताना. आज मी कुठल्याही साइटवर लोगो चढवते तो एसव्हीजीच असतो. देवासचा तो मुलगा आता मोबाइल ॲप करतो. फ्लॅशमध्ये त्याची सात वर्षं गेली.

फायरवर्क्सपाशी मात्र मला थांबायचं आहे.

त्यात स्लाइस करणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलं आहे त्यांनाच माहीत. डिझाइन पुरं झालं की त्यावर चौकोन ओढायचे. चौकोन ओढला की त्या जागेवर पातळ हिरवी काच ठेवल्यासारखा रंग चढायचा आणि कडांच्या लाल रेषा पानभर धावायच्या. शिवणकामात कापडावर खडूने खुणा करतात तसं. मग प्रत्येक हिरव्या तुकड्याला सांगायचं, तू जेपीजी हो, तू जिफ हो, तुझ्यावर माऊस आला की तू रंग बदल. एक्सपोर्ट मारलं की सगळे तुकडे फोल्डरमध्ये जाऊन पडायचे आणि पान बांधून तयार. ब्रॉडबँड घरोघरी पोचलेलं नव्हतं, त्यामुळे एकेक केबी वाचवायचा. चार खिडक्यांत एकच तुकडा चार प्रकारे दाबून बघायचा आणि डोळ्याला फरक कळायला लागला की एक पायरी मागे यायचं. ही नजर मला कुठल्या कोर्समध्ये मिळाली नाही. शेकडो तुकडे दाबून दाबून ती आली.

मे २०१३ मध्ये जाहीर झालं की सीएस६ हीच फायरवर्क्सची शेवटची आवृत्ती. त्याच वेळी खोक्यातलं सॉफ्टवेअर जाऊन महिन्याच्या वर्गणीचा जमाना सुरू झाला. तेव्हा मी घरूनच काम करायला लागले होते. वापरणाऱ्यांनी पुष्कळ आरडाओरड केली. त्यांना बाकीचे म्हणाले, एवढं काय, दुसरं शिका. दुसरं तर सगळेच शिकतात, मीही शिकले. पण त्या ओरडणाऱ्यांना मी कधी हसले नाही आणि आजही हसणार नाही. कंपनीने कंपनी घेतली तेव्हा ताळेबंदात सॉफ्टवेअर, पेटंट, इमारती सगळं लिहिलेलं असतं. माझ्या बोटांना आठ वर्षांत लागलेलं वळण त्यात कुठेच नसतं, आणि तरी तेही सौद्यात जातं. त्याबद्दल कुणी कुणाला विचारत नाही. विचारायची रीतच नाही.

माझी भाची इथेच इंदुरात डिझाइन शिकली, फिग्मा या नव्या सॉफ्टवेअरवर. १५ सप्टेंबर २०२२ रोजी ॲडोबी २० अब्ज डॉलरला फिग्मा घेणार अशी बातमी आली तेव्हा ती रात्री माझ्याकडे आली. तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला. "मावशी, आता काय होणार?" मी तिला फ्रीहँडचं सांगितलं, पेजमेकरचं सांगितलं. तिला धीर द्यायला हवा होता, पण खोटं कसं सांगू? तिच्या पिढीच्या लोकांनी उघड उघड नाराजी बोलून दाखवली. पण केवळ तेवढ्याने हे थांबलं असं मी म्हणणार नाही. ब्रिटनच्या आणि युरोपच्या स्पर्धा-नियामकांनी हरकती घेतल्या, नेमकी तीच हरकत, की एकाच घरात दोन नकोत. १८ डिसेंबर २०२३ रोजी सौदा मोडला आणि ॲडोबीला फिग्माला १ अब्ज डॉलर द्यावे लागले. भाचीने मला रात्री मेसेज केला, नुसतं "मावशी!!!" मी स्वयंपाकघरात उभी होते. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही फिग्मासाठी नव्हतं.

तर नमकीनवाल्यांची फाइल.

माझा जुना विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर मी २०१२ मध्ये काकांच्या प्रेसला दिला होता. त्यावर फायरवर्क्स ८ होतं, मॅक्रोमीडियाच्या नावाने निघालेलं शेवटचं, सप्टेंबर २००५चं. काका आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, प्रेस भाऊ बघतो, पण तो कॉम्प्युटर कापडी झाकणाखाली कोपऱ्यात होता. रविवारी भावाने तो पुसून सुरू करून दिला. पंखा विमानासारखा वाजला. फाइल पेनड्राइव्हवरून आणली, उघडली, आणि ते सगळे हिरवे तुकडे एकदम पानावर उमटले. लाल रेषांसकट. मी तोंडावर हात ठेवून बसले.

दुकानाचं नाव मी तेव्हाच आकारांत फोडून ठेवलेलं होतं, ते जसंच्या तसं मिळालं. ते इलस्ट्रेटर ७च्या फाइलमध्ये काढता आलं, पाटीचं काम झालं. पण मुलाला नव्या मेनूसाठी तेरा नावंही जशीच्या तशी हवी होती, आणि तो मजकूर होता जुन्या फाँटमध्ये. तो फाँट त्या मशीनवर उरला नव्हता, त्याची सीडीही चालेना. त्यामुळे बटणांवर नुसती इंग्रजी अक्षरं, अर्थ नसलेली.

काका आरामखुर्चीतून उठून मागे येऊन उभे राहिले. वाकून पहिल्या बटणाकडे बघितलं. एल, एस, ओ. "सेव," ते म्हणाले. मी वळून बघितलं. चाळीस वर्षं टाइपरायटर आणि मग हाच कीबोर्ड, त्यांना ती अक्षरं इंग्रजी दिसतच नव्हती. "लौंग सेव," दुसरं. तिसरं. मी शेजारी लॅपटॉपवर युनिकोडमध्ये लिहीत गेले. सातव्याला त्यांनी जरा वेळ लावला, बोटं हवेत हलवून बघितली, मग म्हणाले, "चिवडा आहे हा. आधी वेलांटी मार, मग च."

"काका, यात आधी च मारायचा. वेलांटी आपोआप पुढे जाऊन बसते."

"आपोआप?" त्यांनी लॅपटॉपवर वाकून बघितलं. मी च मारला, मग वेलांटी. ती च ओलांडून पुढे आली.

"पुन्हा मार बघू," काका म्हणाले.